त्र्यंबक: देवळाआधीचे तीर्थ

नाशिकच्या पश्चिमेला सुमारे तीस किलोमीटरवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्र्यंबक वसले आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक इथले, आणि दक्षिणेतली सर्वांत लांब नदी गोदावरी उगम पावते तीही याच डोंगरावर. यात्रेकरूच्या लेखी या दोन्ही गोष्टी एकच असल्या तरी इतिहासाच्या लेखी त्यांचे वय सारखे नाही. आज उभे असलेले काळ्या दगडाचे देऊळ पेशवाईतले आहे. यात्रा त्याच्या कितीतरी आधीची. ती डोंगर, झरा आणि कुंड यांच्याभोवती जमली, आधीचे देऊळ पडले तेव्हाही थांबली नाही, आणि नवे देऊळ झाल्यावरही तिच्या दिनक्रमात पहिले काम स्नानाचेच राहिले. म्हणून त्र्यंबकचा इतिहास पाण्यापासून सांगावा लागतो.

ब्रह्मगिरी हा सुमारे १,३०० मीटर उंचीचा, वर सपाट आणि बाजूंनी तुटलेल्या कड्यांचा डोंगर आहे. सह्याद्रीचा कातळ थरांवर थर रचल्यासारखा असतो. माथ्यावर पडलेला धो धो पाऊस भेगांतून खाली मुरतो आणि दोन थरांच्या सांध्याशी पुन्हा झिरपून बाहेर येतो. गोदावरीचे तसेच होते. माथ्यावरच्या छोट्या देवळात तिचा उगम दाखवतात. पुढे ती दिसेनाशी होते. डोंगराच्या मध्यावर गंगाद्वारी गोमुखातून ठिबकते. तिथून पुन्हा गुप्त होऊन गावातल्या कुशावर्त कुंडात प्रकट होते आणि नदी म्हणून वाहू लागते ती त्यानंतर. याच डोंगराच्या परिसरातून वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते, तर अहल्या हा लहानसा ओढा गावाजवळच गोदावरीला मिळतो. गोदावरी मात्र समुद्र इतका जवळ असताना त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाऊन आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला मिळते.

पुराणकथेने नदीची ही लपाछपी नेमकी टिपली आहे. ब्रह्मपुराणातल्या गौतमीमाहात्म्यात आणि शिवपुराणात ती थोड्याफार फरकाने येते. मोठ्या दुष्काळात गौतम ऋषींच्या आश्रमात पाणी आणि धान्य होते, म्हणून इतर ऋषी तिथे आश्रयाला आले. पुढे त्यांच्यात मत्सर शिरला. शेतात शिरलेल्या गाईला गौतमांनी दर्भाच्या काडीने हाकलले आणि ती गाय तिथेच मेली. गोहत्येचे पाप धुण्यासाठी त्यांनी ब्रह्मगिरीवर तप केले. शंकराने जटा आपटून गंगा मोकळी केली. पण ती एका जागी थांबेना. दिसे, नाहीशी होई, दुसरीकडे वर येई. अखेर गौतमांनी मंतरलेल्या कुशाचा वेढा घालून तिला अडवले, ते ठिकाण कुशावर्त. माथ्यावर जटा आपटल्याच्या खुणा आजही दाखवल्या जातात. भूगर्भशास्त्राला जे मुरणे आणि झिरपणे दिसते तेच कथेला नदीचा चुकारपणा म्हणून दिसले, एवढाच फरक.

लिंगाचे रूपही पाण्याशी बांधलेले आहे. इतरत्र शाळुंकेतून वर आलेला दंडगोल दिसतो, तसा इथे नाही. शाळुंकेच्या मध्यभागी खोलगट खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगे: ब्रह्मा, विष्णू आणि महेश. खळग्यात पाणी सतत पाझरत असते. गाभारा मंडपापेक्षा खालच्या पातळीवर असल्याने लिंग समोरून सहज दिसत नाही. त्यासाठी तिरका आरसा बसवला आहे, आणि रांगेतला यात्रेकरू पुष्कळदा त्या आरशातल्या प्रतिबिंबाचेच दर्शन घेऊन पुढे सरकतो. पूजेनंतर लिंगावर चांदीचा मुखवटा ठेवतात. सोमवारी आणि महाशिवरात्र, त्रिपुरी पौर्णिमा अशा दिवशी सोन्याचा पंचमुखी मुखवटा बाहेर निघतो. शतकानुशतकांच्या अभिषेकाने आणि द्रव्यांनी लिंगाची झीज झाल्याने त्यावर वज्रलेप करावा लागला आहे.

हा प्रदेश किती जुना, याचा अंदाज शेजारच्या अंजनेरीवरून येतो. त्र्यंबकच्या अलीकडेच, नाशिकच्या वाटेवर असलेल्या या गावात भोगशक्ती राजाचे आठव्या शतकातले ताम्रपट सापडले. तिथल्या जैन आणि हिंदू देवळांचे अवशेष, तसेच बाराव्या शतकातला यादवांचा शिलालेख, या वाटेवर मोठी वस्ती आणि व्यापार होता हे सांगतात. कोकणातून घाट चढून येणारा माल याच बाजूने नाशिककडे जाई. यादवकाळात त्र्यंबकला देऊळ असलेच तर ते कसे असेल, याची कल्पना सिन्नरच्या गोंदेश्वरावरून करता येते; त्र्यंबकला मात्र त्या काळाचे उभे बांधकाम उरलेले नाही.

उरली ती प्रदक्षिणा. तेराव्या शतकात ब्रह्मगिरीची फेरी रूढ होती, याचा पुरावा वारकरी परंपरेतल्या एका प्रसिद्ध प्रसंगात आहे. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत आपल्या मुलांना घेऊन फेरी करत असताना रात्री वाघ आडवा आला. धावपळीत थोरला निवृत्ती चुकला आणि एका गुहेत शिरला. तिथे गहिनीनाथ होते. त्यांनी त्याला नाथपंथाची दीक्षा दिली. निवृत्तीने पुढे धाकट्या ज्ञानदेवाला उपदेश केला. म्हणजे महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेतला एक मोठा धागा या डोंगराच्या फेरीतच गाठला जातो. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली. पुढच्याच वर्षी निवृत्तिनाथांनी त्र्यंबकला. त्यांच्या समाधीमुळे शिवाच्या या गावात पौष वद्य एकादशीला वारकऱ्यांची मोठी यात्रा भरते. नाशिक, नगर, खानदेशातल्या दिंड्या थंडीच्या दिवसांत टाळ-मृदंगाच्या गजरात गावात येतात, आणि आषाढी वारीसाठी निवृत्तिनाथांची पालखी इथून पंढरपूरला निघते. ज्योतिर्लिंगाच्या गावी विठ्ठलाचा गजर कुणाला खटकत नाही. नाथांच्या पूर्वपरंपरेने शैव आणि वैष्णव यांच्यात जे अंतर कमी केले, ते इथे रोजच्या व्यवहारात दिसते. (संन्यासी आणि बैरागी यांच्यात मात्र ते कमी झाले नाही, तो भाग पुढे येतो.)

गावाच्या डोक्यावर किल्ला असल्याने देवाला राजकारण चुकले नाही. १६३६ च्या तहात शहाजीराजांना मोगलांना जे किल्ले द्यावे लागले त्यांत त्र्यंबक होता. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला. १६८९ मध्ये मातबरखानाने तो पुन्हा मोगलांसाठी घेतला. या धामधुमीत, १६९० च्या सुमारास, जुने देऊळ मोगल फौजांनी पाडले असे सांगितले जाते. नंतरची साठेक वर्षे देवाचे वैभव ओसरलेले होते. पण कुशावर्ताचे पाणी आटले नव्हते आणि डोंगराची फेरी कुणी बंद करू शकत नव्हते.

अठराव्या शतकाच्या मध्यावर पारडे फिरले. १७५१ च्या सुमारास मराठ्यांनी किल्ला घेतला, १७५२ च्या भालकीच्या तहाने गोदावरी आणि तापी यांच्यामधला बराच मुलूख पेशव्यांच्या ताब्यात आला, आणि तीनच वर्षांनी नानासाहेब पेशव्यांनी त्र्यंबकेश्वराचे देऊळ बांधायला घेतले. बांधकामाचा काळ १७५५ ते १७८६ असा सांगतात. त्या एकतीस वर्षांत पानिपत झाले, नानासाहेब गेले, थोरले माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला. देऊळ पुरे झाले ते सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत. मूळ संकल्प करणाऱ्याच्या पश्चात पंचवीस वर्षे काम चालू ठेवणे ही पेशव्यांच्या दप्तराची शिस्त म्हणायला हवी. हाच काळ नाशिकच्या देवळांचाही आहे: नारोशंकराचे १७४७ चे, सुंदरनारायणाचे १७५६ चे, तर काळाराम शतकाच्या अखेरीचे. गोदाकाठ आज जसा दिसतो तसा तो मुख्यतः या पन्नास वर्षांत घडला.

देऊळ आकाराने भक्कम, उंच तटाच्या आवारात, पूर्वाभिमुख आहे. नंदी वेगळ्या छत्रीत बसवला आहे. सभामंडपाच्या जमिनीत कासव आहे आणि वर वळत गेलेल्या दगडी पाकळ्यांचे घुमटासारखे छत. गाभारा आतून चौकोनी, पण बाहेरून भिंतींना इतके कोन काढले आहेत की ऊन जसे फिरते तशा सावल्यांच्या उभ्या रेषा सरकत जातात. शिखरावर सोन्याचा कळस आहे. पेशवेकाळातल्या पुष्कळ देवळांत विटा आणि चुन्यावर भागवलेले दिसते. इथे पायापासून शिखरापर्यंत दगडच वापरला आहे. जुन्या धाटणीचे देऊळ नव्याने घडवण्याचा हा जाणीवपूर्वक प्रयत्न होता, आणि तो साधला. कित्येक यात्रेकरू त्याला हेमाडपंती समजून आणखी कितीतरी जुने ठरवतात, ते कारागिरांच्या हाताला मिळालेले प्रशस्तिपत्रच आहे. आज देऊळ केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे.

त्याच सुमारास कुशावर्तालाही आजचे रूप मिळाले. होळकरांचे फडणीस पारनेरकर यांनी कुंड दगडांनी बांधून काढले, चारी बाजूंनी पायऱ्या केल्या आणि भोवती ओवऱ्या उभारल्या. डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्याला पक्की चौकट मिळाली. ती वेळेवर मिळाली, कारण सिंहस्थाची गर्दी याच कुंडावर लोटत असे.

गुरू सिंह राशीत येतो तो काळ सिंहस्थ; बारा वर्षांनी एकदा. या काळात सगळी तीर्थे गोदावरीच्या भेटीला येतात अशी श्रद्धा असल्याने देशभरचे साधू आणि गृहस्थ इथे जमतात. (एरवीच्या संसारी कामांवर त्याचा उलटा परिणाम होई, सिंहस्थात लग्ने न करण्याची प्रथा महाराष्ट्रात दीर्घकाळ पाळली गेली.) साधूंचे आखाडे त्या काळी हत्यारबंद होते, त्यांच्या फौजा राजे-रजवाड्यांच्या बाजूने लढत आणि त्यांच्यातले काही सावकारी आणि व्यापारही करत. पहिले स्नान कुणाचे, हा प्रश्न त्यामुळे निव्वळ मानाचा नव्हता; त्यावर दानाचा ओघ आणि आखाड्याची पत अवलंबून असे. १७८९ च्या सिंहस्थात शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी यांच्यात त्र्यंबकला मोठी चकमक झाली. पेशव्यांच्या नावाच्या एका ताम्रपटात मेलेल्यांचा आकडा बारा हजार दिला आहे. तो फुगवलेला असणे शक्य आहे, पण प्रकरण पेशव्यांपर्यंत गेले हे त्यावरून दिसते. तोडगा निघाला तो असा, की वैष्णवांनी नाशिकच्या रामकुंडावर स्नान करावे आणि शैवांनी कुशावर्तावर. त्यामुळे एकच पर्व तीस किलोमीटरच्या अंतराने दोन गावांत भरू लागले. आजही निर्मोही, निर्वाणी आणि दिगंबर हे तीन अनी आखाडे नाशिकला असतात. जुना, निरंजनी, महानिर्वाणी, अटल, आवाहन, अग्नी, आनंद हे शैव आखाडे आणि त्यांच्याबरोबर उदासीन व निर्मल, असे दहा आखाडे त्र्यंबकला. इतर कुंभस्थानी हे सगळे एकाच गावात पाळीपाळीने स्नानाला उतरतात. नाशिक-त्र्यंबकचा अपवाद पेशवाईतल्या त्या निवाड्याने घडवला.

एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला जिंकला. पेशवाई संपली तेव्हा त्र्यंबकेश्वराचा म्हणून प्रसिद्ध असलेला मोठा हिरा दुसऱ्या बाजीरावाच्या जडजवाहिरातून इंग्रजांच्या हाती लागला आणि 'नासक' नावाने लंडनला गेला. तिथे पोहोचला तेव्हा त्याचे वजन नव्वद कॅरेटच्या आसपास होते. लंडनच्या जवाहिऱ्यांनी तो नव्याने पैलू पाडून ऐंशीच्या आत आणला; १८३७ मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने विकत घेतला; १९४० मध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी पुन्हा पैलू पाडून त्याचे वजन ४३.३८ कॅरेटवर आणले. देवाच्या खजिन्यातला अर्धा हिरा अशा रीतीने पैलू पाडण्यातच संपला, आणि उरलेला अर्धा एका खाजगी धन्याकडून दुसऱ्याकडे जात राहिला.

राजाश्रय गेला तरी त्र्यंबक मोडले नाही, कारण गावाचा चरितार्थ राजावर नव्हे, यात्रेकरूवर चालत होता. १८६५ पर्यंत रेल्वे कसारा घाट चढून वर आली आणि मुंबईहून नाशिकरोडपर्यंतचा कैक दिवसांचा प्रवास एका दिवसावर आला. पुढचे अंतर बैलगाडीने आणि टांग्याने. विसाव्या शतकाच्या आरंभी देणगीतून गंगाद्वाराकडे जाणाऱ्या सुमारे सातशे दगडी पायऱ्या बांधल्या गेल्या, त्यामुळे एरवी धडधाकट माणसाचीच असलेली चढण म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही जमू लागली. वाटेवर वराहतीर्थ आणि रामलक्ष्मणकुंड, वर गोरखनाथांची गुहा आणि १०८ शिवलिंगे कोरलेली गुहा.

यात्रेकरूला गावाशी बांधून ठेवणारा दुवा म्हणजे तीर्थोपाध्याय आणि त्याच्या वह्या. उपाध्यांत मुलूख, गावे, जाती आणि आडनावे वाटलेली असत. यात्रेकरू आला की त्याला पहिला प्रश्न: गाव कोणते, आडनाव काय? मग घरातल्या लाकडी मांडणीवरून लाल कापडात बांधलेली लांबट वही निघे. मोडीतल्या जुन्या पानांवर आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, कुणाबरोबर आले, कशासाठी आले, अशा नोंदी, आणि खाली त्यांची सही किंवा अंगठा. मग नवा यात्रेकरू आपल्या मुलाबाळांची नावे त्याखाली लिहून देई. अशी वही उघडून पणजोबाची सही दाखवल्यावर दक्षिणेवरून घासाघीस करणारा माणूस विरळा. जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदी सुरू होण्याआधीच्या काळासाठी या वह्या कुटुंबांच्या इतिहासाचे मोठे साधन आहेत. वाटणीच्या भांडणातही त्यांचा पुरावा उपयोगी पडे.

उपाध्यांच्या घरांतल्या विद्वत्तेची परंपराही मोठी होती. अशाच एका शास्त्र्याच्या घरी ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकला धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. पुराणे सांगणाऱ्या घरातल्या या मुलाने १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढून पुराणकथेला पडद्यावर आणले. त्यांनी चित्रपटाची सुरुवात हरिश्चंद्राने का केली, हे समजायला त्यांचे जन्मगाव पुरेसे आहे.

त्र्यंबकच्या विधींत सर्वांत जुना मान श्राद्धकर्माचा. नारायण नागबळी हा तीन दिवसांचा विधी अपमृत्यूने गेलेल्यांच्या आणि नागहत्येच्या दोषासाठी करतात. गावाबाहेर अहल्या आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ, नवी पांढरी धोतरे नेसलेली माणसे गव्हाच्या पिठाचा पुतळा करून त्यावर अंत्यसंस्काराचे मंत्र म्हणतात. तिसऱ्या दिवशी सोन्याच्या नागाची पूजा करून उठतात आणि मग सुतक फिटते. त्रिपिंडी श्राद्ध एका दिवसात आटोपते. गेल्या काही दशकांत या सगळ्यांना मागे टाकले ते कालसर्पशांतीने. जुन्या ज्योतिषग्रंथांत कालसर्पयोगाला आजच्यासारखे स्थान नव्हते. पण परगावच्या, परप्रांतांच्या यात्रेकरूंना आता त्र्यंबक ठाऊक असते ते बहुधा याच कारणाने, आणि गावातल्या लॉजपासून रिक्षांपर्यंतचा बराचसा धंदा त्यावर चालतो.

वर्षाची यात्रा ठरलेल्या दिवसांवर चालते. महाशिवरात्रीला आणि श्रावणातल्या सोमवारी रांग देवळाबाहेर दूरवर जाते. त्रिपुरी पौर्णिमेला पंचमुखी मुखवटा विंचूरकर सरदारांनी दिलेल्या रथातून कुशावर्तावर स्नानाला नेतात. सर्वांत मोठा दिवस मात्र श्रावणातला तिसरा सोमवार. आदल्या रात्रीपासून लोक कुशावर्तात बुडी मारून ओल्या अंगाने फेरीला निघतात. प्रयागतीर्थ, पेगलवाडी, पहिने अशी ब्रह्मगिरीला वळसा घालणारी लहान फेरी सुमारे वीस किलोमीटरची. हरिहरगडाला कवेत घेणारी मोठी जवळजवळ दुप्पट. पाऊस, चिखल, खाचरांतले बांध, अनवाणी पाय. रात्रभर शिव्या-विनोद, भजने आणि 'बम बम भोले' चालूच. या फेरीला उपाध्या लागत नाही, दक्षिणा लागत नाही, रांग लागत नाही. नाशिकच्या कारखान्यांतली पोरे आणि आसपासच्या आदिवासी पाड्यांवरची माणसे एकाच वाटेने चालतात. पाड्यांवरच्या कैक कुटुंबांना त्या रात्री चहा, केळी, मक्याची कणसे विकून चार पैसे सुटतात.

देवळातल्या रूढींवर अलीकडे वाद झाले. गाभाऱ्यात सोवळे नेसलेल्या पुरुषांनाच प्रवेश होता. एप्रिल २०१६ मध्ये स्त्रियांच्या प्रवेशाची मागणी जोर धरू लागली तेव्हा देवस्थानाने आधी पुरुषांचाही प्रवेश बंद करून पाहिला. समतेचा हा मार्ग कुणालाच पटला नाही आणि प्रश्न आंदोलन, पोलीस बंदोबस्त या वळणांनी पुढे गेला.

पाण्याचा प्रश्न त्याहून जुना आणि अवघड आहे. गर्दीच्या सोयीसाठी गावातून वाहणारे गोदावरीचे पात्र बऱ्याच ठिकाणी काँक्रीटने बांधून वरून झाकले गेले. त्यावर रस्ते आणि वाहनतळ आले, आणि गावाचे सांडपाणी खालच्या प्रवाहात मिसळू लागले. काँक्रीट काढावे आणि सांडपाणी रोखावे यासाठी प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. ब्रह्मगिरीच्या उतारावरची खोदाई आणि बांधकामे झऱ्यांच्या मुळावर येतात, ही तक्रारही अलीकडची. कुशावर्ताचे पाणी हजारोंच्या स्नानाने गढूळ होते म्हणून ते शुद्ध करून कुंडात परत सोडणारी यंत्रणा बसवली आहे. मागचा सिंहस्थ २०१५ चा होता. पुढच्या सिंहस्थाची मुख्य स्नाने २०२७ च्या पावसाळ्यात आहेत. त्या वेळीही शैव आखाडे कुशावर्तावर उतरतील आणि बैरागी रामकुंडावर.